मिलांजची तूर

तुरीच्या धंद्यात देशांची नावं फारशी कुणी घेत नाही. ब्रह्मदेशातून येते ती 'लेमन', टांझानियाची 'अरुषा' नाहीतर 'मटवारा', आणि मोझांबिकची ती 'गजरी'. लातूरच्या मोंढ्यात 'गजरी काय भाव?' एवढंच विचारतात. पोत्यातून मूठभर माल काढायचा, तळहातावर पसरायचा, एखादा दाणा दाताखाली धरून ओल बघायची, डागी किती, माती किती याचा अंदाज घ्यायचा, की सौदा. गावरान तुरीला निदान 'कुठल्या शिवारातली?' असं विचारतात. आयात मालाला गाव नसतं. त्याला फक्त बंदर असतं.

एका आयातदारासाठी माल बघायला म्हणून मी ऑगस्टच्या सुमारास मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतात जाऊ लागलो आणि गजरीलाही गाव मिळालं. मिलांज. मलावीच्या अगदी सीमेवरचं. पलीकडे मुलांजेचा डोंगर, तीन हजार मीटर उंचीचा, सरळ भिंतीसारखा उठलेला, पायथ्याशी चहाचे मळे. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतात, तिकडे मक्यात तूर. एप्रिल-मेमध्ये मका निघतो, तूर मागे उभी राहते आणि आपला नवा माल बाजारात यायच्या चार महिने आधी काढणीला येते. म्हणून तर आपल्याला ती हवी असते.

काट्यावर माल घेऊन येणारे शेतकरी लहान. कुणाचं एक पोतं, कुणाचं अर्धं, सायकलच्या मागे बांधलेलं. पन्नाशीपुढचा कुणी आला आणि वजन व्हायला वेळ असला की मी दुभाष्या पोराकरवी विचारायचो, "युद्धाच्या वेळी कुठे होतात?" उत्तर ठरलेलं असायचं. हात डोंगराच्या दिशेनं उठायचा. मलावीत. सगळेच मलावीत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी ज्या पट्ट्यातून माल उचलतो तो जवळपास आख्खा एकदा रिकामा झाला होता आणि पुन्हा भरला होता.

मोझांबिक स्वतंत्र झाला २५ जून १९७५ ला. पोर्तुगीज गेले, सामोरा माशेल यांची फ्रेलिमो ही स्वातंत्र्यासाठी लढलेली संघटना सत्तेवर आली. दोनच वर्षांत युद्ध सुरू झालं. रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली शेजारच्या ऱ्होडेशियाच्या (आजचं झिंबाब्वे) गोऱ्या राजवटीच्या गुप्तहेर खात्यानं. ती राजवट गेल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारनं तिला पोसलं. पण सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून भागत नाही. फ्रेलिमोनं शेतकऱ्यांना जुन्या वस्त्यांतून उठवून सामुदायिक गावांत बसवायला घेतलं होतं, गावच्या परंपरागत मुखियांना बाजूला सारलं होतं. त्या रागावर रेनामोचं बरंच भागलं. शाळा जाळल्या, दवाखाने जाळले, पोरं पळवून त्यांच्या हातात बंदुका दिल्या. मेलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या घरात सांगतात, त्यात गोळीपेक्षा भुकेनं गेलेले जास्त. १७ लाख लोक सहा शेजारी देशांत पळाले. देशातल्या देशात उठलेले आणखी चाळीस लाखांच्या आसपास. लोकसंख्या तेव्हा दीड कोटीच्या आसपास.

त्या १७ लाखांपैकी अकरा लाखांच्या आसपास एकट्या मलावीनं सांभाळले. मलावी म्हणजे जगातल्या गरिबांतला गरीब देश, आणि त्यात दर दहा माणसांमागे एक निर्वासित. दक्षिणेच्या न्सान्जे जिल्ह्यात तर पाहुणे यजमानांपेक्षा जास्त झाले होते. देद्झा ते न्चेऊ हा रस्ता काही अंतर दोन देशांची सीमा होऊनच धावतो. त्या काळी तिथून जाणाऱ्याला एका हाताला माणसांनी गजबजलेल्या झोपड्या दिसायच्या आणि दुसऱ्या हाताला छप्पर उडालेल्या, जळक्या भिंती. मधे फक्त डांबर. एकच भाषा, एकच सोयरसंबंध, पण रस्त्याच्या कुठल्या बाजूला झोपायचं यावर जीव ठरायचा. काही जण दिवसा पलीकडे जाऊन आपल्याच शेतात चोरून कुदळ मारून यायचे आणि अंधार पडायच्या आत परत.

छावणीतलं धान्य पुरत नसे म्हणून लोक मलावीच्या शेतकऱ्यांकडे गान्यू करायचे, म्हणजे रोजानं राबायचं आणि मजुरी म्हणून मका घ्यायचा. आणि मक्यावरून आठवलं. १९९० मध्ये मलावीतल्या या छावण्यांत पेलाग्राची साथ आली. अंगावर, उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, पुढे भ्रम होतो. सुमारे १८,००० रुग्ण. कारण काय, तर शिध्यातले शेंगदाणे बंद झाले होते. मका पोट भरतो, पण त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू पडत नाही; ती कसर शेंगदाणा भरून काढत होता. शिध्याच्या यादीतली एक ओळ कुठेतरी अडकली आणि हजारो माणसांच्या मानेवर काळे पट्टे उमटले. मदतकार्याविषयी मी जे काही वाचलं, त्यात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही. दुष्टपणा कुणाचाच नव्हता. टनांचा हिशोब बरोबर जुळत होता. मीही टनांतच हिशोब करणारा माणूस आहे, म्हणून जास्त लागलं असेल.

४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये तह झाला. मध्यस्थ कोण, तर सांत एजिदियो नावाची कॅथलिक सेवाभावी मंडळी, बैराचे आर्चबिशप झैमे गोन्साल्विश आणि इटलीचं सरकार. राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामोचे अफोन्सो ध्लाकामा यांनी सह्या केल्या. दोन्ही बाजू थकल्या होत्या, शीतयुद्ध संपून पैसे देणारे आटले होते आणि वर १९९१-९२ चा भयंकर दुष्काळ. सैनिकांनाही खायला नव्हतं. तहाला दुष्काळाचा हातभार लागला असं म्हणणं बरं दिसत नाही, पण तसं झालं.

पुढची दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांची ओनुमोझ ही मोहीम तिथे होती. आपल्या लष्कराची माणसंही तीत होती, त्यात अभियंते होते. तिचे प्रमुख आल्दो आयेल्लो यांचं एक धोरण मला व्यापारी म्हणून फार पटतं. शेजारी अंगोलात सप्टेंबर १९९२ मध्ये सैन्य बरखास्त न करताच निवडणूक घेतली, हरलेले बंडखोर नेते साविंबी पुन्हा जंगलात गेले आणि पहिल्यापेक्षा भीषण युद्ध पेटलं. मोझांबिकमध्ये म्हणून आधी बंदुका खाली, मग मतदान. सेवेतून मोकळं केलेल्या सैनिकांना दोन वर्षं पगारासारखी रक्कम मिळत राहील अशी सोय केली. रेनामोला राजकीय पक्ष म्हणून उभं राहता यावं यासाठी निधी उभारला, दीड कोटी डॉलरहून जास्त त्यात गेले. ज्यांनी गावं जाळली त्यांना घरभाडं आणि गाड्या? संताप येतोच. पण १९९४ च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली, ध्लाकामा हरले आणि जंगलात गेले नाहीत. तेव्हा तरी नाहीत. मला विचाराल तर त्या पैशाइतकी स्वस्त खरेदी त्या दशकात दुसरी झाली नसेल.

लोक मात्र या कुणासाठी थांबले नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तालयानं ट्रकचे ताफे, स्वागत केंद्रं, याद्या यांची तयारी केली. आफ्रिकेतली तोवरची सगळ्यात मोठी परतीची मोहीम ती. पण १७ लाखांतले बहुसंख्य आपल्या पायांनी आले. ट्रक लागले ते लांबच्यांना, म्हाताऱ्यांना, सामानाला. झांबेझियाच्या काही भागांत तर तहाआधीच परत येणं सुरू झालं होतं. मानुएल आंतोनिओ नावाच्या तरुण वैद्याची नापारामा चळवळ भाले आणि मंत्रतंत्राच्या जोरावर रेनामोला मागे रेटत होती, आणि तिच्या मागोमाग लोक शेतांकडे सरकत होते. अंगावर गोळी चालत नाही या श्रद्धेवर बंदुकांसमोर गेलेली माणसं. हसावं की नमस्कार करावा कळत नाही. आंतोनिओ १९९१ मध्ये मारला गेला.

काट्यावर भेटलेल्या एका शेतकऱ्याची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण आकडे वाचून जे कळलं नव्हतं ते त्याच्या बोलण्यातून कळलं. त्याचं वजन झालं होतं, पैसे मिळायचे होते, आम्ही पोत्यांच्या थप्पीवर बसलो होतो. तह झाल्याचं छावणीत रेडिओवर कळलं तेव्हा तो ऐन तरुण. बापानं सांगितलं, तू पुढे जा, बघून ये. सगळ्यांनी एकदम निघायचं नाही. तो कोरड्या दिवसांत एकटा आला. घराची जागा सापडली ती आंब्याच्या झाडावरून. बाकी सगळं गवत, डोक्याच्या वर. झाड कुणी तोडलं नव्हतं. त्यानं गवत पेटवलं नाही. पेटवलं तर काय फुटेल सांगता येत नव्हतं. हातानं कापत, पाय टाकायच्या आधी काठीनं चाचपत महिनाभर काढला. मग झोपडी बांधली, मग भाऊ आला, मग बायको. आई-बाप मात्र छावणीतच.

"का?"

"कार्ड त्यांच्याकडे होतं ना."

म्हणजे शिध्याचं कार्ड. तरणी माणसं इकडे शेत काढणार, म्हातारी माणसं तिकडे शिधा घेणार आणि दर पंधरवड्याला कुणीतरी डोंगराच्या कडेनं मका वाहून आणणार. पहिलं पीक हाती येईपर्यंत हे असंच. मदत संस्थांच्या कागदांत याला दुहेरी नोंद म्हणत आणि ती खोडून काढायचा प्रयत्न चाले. कुटुंब एक तर निर्वासित असतं किंवा परतलेलं असतं, फॉर्मवर तिसरा रकाना नसतो. मला तर हे कुटुंब भलतंच शहाणं वाटलं. आमच्या धंद्यात कुणी सगळा माल एकाच दिवशी, एकाच भावाला काढत नाही.

परतलेल्यांना संच मिळायचा. रुंद पात्याची कुदळ, कुऱ्हाड, कोयता, आणि बियाणं. अवजारांबद्दल त्याची तक्रार नव्हती, कुदळ चांगली होती म्हणाला. बियाण्याबद्दल विचारलं तर खो-खो हसला.

"जानेवारीत आलं."

पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरची. "मग काय केलंत?"

"खाल्लं."

मी दचकलो. त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंग असतो. "तीन पाण्यांनी धुतलं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून, "चौथ्या पाण्यालाही रंग येत होता." पेरलं ते बायकोनं मलावीतून आणलेलं. मका आणि नांदोलो. नांदोलो म्हणजे मलावीतली तूर. जिथे ती गान्यू करायची त्या मालकाच्या बांधावरची.

उशिरा आलेल्या बियाण्याचा राग मला त्या संस्थांचा येत नाही, कॅलेंडरचा येतो. पैसा मंजूर होतो युरोप-अमेरिकेतल्या आर्थिक वर्षाप्रमाणे, निविदा निघते, बोट लागते, बैराच्या गोदीत माल पडून राहतो, पुढचे पूल उडवलेले. झांबेझी नदीवरचा साडेतीन किलोमीटरहून लांब दोना आना रेल्वेपूल युद्धात मोडला होता. अमेरिकेच्या मदतीनं तो १९९५ मध्ये मोटारगाड्यांपुरता उघडला. पाऊस यातल्या कशासाठीच थांबत नाही. परतण्याच्या सगळ्या योजनेत खरी तारीख एकच होती, पहिल्या पावसाची, आणि ती कुणाच्याच हातात नव्हती.

माझं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यातलं. हा माणूस काठीनं जमीन चाचपत होता त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आमच्याकडे भूकंप झाला. मी शाळेत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, रांगेत उभा राहिलो, गाठोड्यातून माझ्या बापाच्या वाट्याला परदेशी कोट आला. मदत करणाऱ्यांविषयी आजही मनात कृतज्ञताच आहे. पण नवी गावं आखली ती चौकटीच्या कागदावर. रुंद रस्ते, एकसारखी घरं, आणि गोठा कुठे, कडबा कुठे रचायचा, शेजार कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. किती तरी घरांपुढे लोकांनी पुढे पत्रे टाकून स्वतःचा गोठा केला, कागदावरचं गाव हळूहळू वापरातलं गाव झालं. आमच्याकडे युद्ध नव्हतं, दोन्हीची बरोबरी करायची नाही. फक्त घेणाऱ्याच्या बाजूनं मदत कशी दिसते ते मला थोडं माहीत आहे, म्हणून तो बियाण्यावर हसला तेव्हा मलाही हसू आलं.

उच्चायुक्तालयानं तिथे एक गोष्ट शहाणपणाची केली. माणसं आणण्यापेक्षा ती टिकावीत यावर जास्त पैसा लावला. या कामावरच्या साधारण १४.५ कोटी डॉलरपैकी दहा कोटी परतल्यानंतरच्या कामांवर गेले. विहिरी, हातपंप, शाळेच्या खोल्या, दवाखाने, वाटा; दीड हजारांहून अधिक छोटी कामं. फटाफट करायची, नाव लावायचं, पुढच्या गावाला जायचं. पंप बसला की गाव बसायचं, हे खरं. दोन वर्षांनी पंपाचं वॉशर गेलं की ते कुठून आणायचं, शाळा झाली पण मास्तर कुठून आणायचे, याचं उत्तर त्या अंदाजपत्रकात नव्हतं.

सुरुंगांची गोष्ट वेगळीच. सुरुवातीला देशात वीस लाख सुरुंग आहेत असा आकडा फिरत होता. तो फारच फुगवलेला निघाला. पण एका वाटेवर एक सुरुंग असल्याची नुसती बोलवा उठली तरी ती वाट, ती विहीर, ते शेत बंद. सुरुंग दहा असोत वा दहा हजार, कुदळ मारणाऱ्या माणसाला फरक पडत नाही. हेलो ट्रस्टची माणसं १९९३ पासून गुडघ्यांवर बसून वीत-वीत जमीन तपासत होती; त्यांनी एकट्यांनी १,७१,००० सुरुंग काढले. काही भागांत अपोपो या संस्थेनं शिकवलेले मोठे आफ्रिकी उंदीर वापरले, स्फोटकाचा वास आला की ते जमीन खरवडतात, आणि वजन इतकं कमी की सुरुंग फुटत नाही. १७ सप्टेंबर २०१५ ला देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. तहानंतर तेवीस वर्षांनी.

आणि ज्यांनी मारलं ते? त्यांच्यासाठी तहानंतर काही दिवसांतच सर्वांना माफी देणारा कायदा झाला. चौकशी आयोग नाही, खटले नाहीत. बंदूक धरलेली पोरं त्याच गावांत परतली जिथून ती पळवली होती. गावांनी आपापल्या परीनं निस्तरलं. वैद्याकडे न्यायचं, जुने कपडे जाळायचे, नदीवर आंघोळ घालायची, पितरांना सांगायचं की हा आला आहे. काय केलंस हे चारचौघांत वदवून घ्यायचं नाही. बाहेरच्या अभ्यासकांना हे बरंच भावतं. मला पूर्ण पटत नाही. गोरोंगोझाच्या भागात मेलेल्या सैनिकांचे आत्मे बायकांच्या अंगात येत आणि हिशोब मागत, असं नोंदलेलं आहे. न्यायालयात जे बोलता आलं नाही ते असं कुठून तरी बोललं जातच होतं. आणि ज्या बायकांवर अत्याचार झाले त्यांना नदीवरची आंघोळ पुरली का, हे पुरुषांच्या बैठकीत ठरणार नव्हतं.

१९९७ चा जमीन कायदा मात्र वाखाणण्यासारखा. जमीन सरकारचीच, पण वहिवाटीनं कसणाऱ्याचा हक्क मान्य, दहा वर्षं सद्हेतूनं कसली तरी मान्य, बाईचा हक्क पुरुषाइतका, आणि कागद नसेल तर शेजाऱ्यांची तोंडी साक्षही पुरावा. सातबाऱ्याच्या देशातून आलेल्या माणसाला हे वाचून क्षणभर गरगरतं. पण जिथे सगळे कागद जळाले आणि सगळी माणसं उठली, तिथे दुसरं काय चालणार होतं?

आता तुरीकडे येतो. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलोला भिडली, घराघरात बोंब झाली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यात भारत-मोझांबिक करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढत वाढत पाचव्या वर्षी दोन लाख टन. झांबेझियात, शेजारच्या नांपुला प्रांतात शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की तूर पेरा, भारत घेणार आहे. त्यांनी पेरली. त्याच वर्षी तेते प्रांतात सरकारी फौजा आणि रेनामो पुन्हा भिडले होते आणि दहा हजारांच्या आसपास लोक पुन्हा मलावीत पोचले होते. त्यांना ठेवायला मलावीनं लुवानीची जुनी छावणी उघडली, तीच, जी पहिल्या युद्धातल्या मोझांबिकी लोकांसाठी होती.

२०१७ उजाडलं आणि आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं. हमीभाव ५,०५० रुपये, बाजारात त्याच्या खूप खाली, खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला. माझ्याच चुलत्याचा ट्रॅक्टर रांगेत होता. ऑगस्टमध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. योग्यच केलं, असं मी लातूरचा म्हणून म्हणतो. पण ऑगस्ट म्हणजे मिलांजच्या काढणीचा महिना. तिकडे भाव असा कोसळला की वाहतूक सुटेना. तूर ते स्वतः फारशी खात नाहीत, विकायलाच पिकवतात. काट्यावर शेतकरी भाव ऐकायचा, दुभाष्याकडे बघायचा, पुन्हा भाव विचारायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बियाणं, कुदळ, विहीर, सुरुंग या सगळ्यातून पार पडून उभं राहिलेलं शेत दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं आडवं होतं, आणि तिच्यामागे माझ्याच गावच्या माणसांची रास्त मागणी असते. दोघांपैकी कुणाला चुकीचं ठरवायचं, हे मला अजून जमलेलं नाही. निदान अधिसूचना पेरणीआधी काढा, एवढं म्हणता येईल. तेही दोघांसाठीच.

रेनामोचा शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. तोवर उत्तरेत, काबो देल्गादोत, २०१७ पासून वेगळंच युद्ध पेटलेलं होतं आणि तिथले विस्थापित नांपुलाच्या घरांत, अंगणांत पाहुणे होते. मग ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या आणि डिसेंबरात हजारो लोक पुन्हा मलावीत गेले. कुठे? न्सान्जेला.

त्या आठवड्यात मी तिकडच्या आमच्या अडत्याला फोन लावला. गुजराती घरातला, तिथेच जन्मलेला. माणसं कशी आहेत विचारलं. म्हणाला, गेलेत काही, येतील. मग मी विचारलं, "पेरणी झाली का?"

"झाली हो भाई, अर्धी तरी झाली. तुमचं सरकार मार्चनंतर आयात उघडी ठेवणार का, ते सांगा आधी. लोक मला विचारतात."